जिन्याच्या भिंतीवरची काच

११ फेब्रुवारी

समोरचा रस्ता गेला.

खचला म्हणतात सगळे. पण डोळ्यांदेखत जे झालं त्याला तो शब्द पुरत नाही. दुपारी गल्ल्यावर बसलो होतो. पलीकडच्या फुटपाथवर वहिनीच्या इमारतीखाली चावीवाला त्याच्या स्टुलावर, कानस घासत. त्या कानशीचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतोय की थांबला तरच लक्ष जातं. तो थांबला. मग जाड कापड टरकावं तसा आवाज. मान वर केली तर स्टूल नाही, छत्री नाही, डांबर नाही. भोक! आणि आत कुठेतरी खोल पाणी कोसळतंय.

इमारतीचा दर्शनी भाग आत गेला. मागचा उभा आहे, जिना उघडा पडलाय. वहिनी जिन्यातच होती, घसरत खाली आली. मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर होती. स्ट्रेचरवरून मला म्हणते, "भाऊजी, शेगडी बंद करून निघाले होते हो मी."

चावीवाला सापडलेला नाही.

१२ फेब्रुवारी

सापडला. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी

आज लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

पूर्वी मी दुसऱ्याच्या काचेच्या दुकानात हमाल होतो. पाठीवर काचा बांधून रस्ता ओलांडायचो. तेव्हा हा चावीवाला आपलं काम टाकून रस्त्यात उभा राहायचा आणि गाड्या अडवायचा. "काच येतेय, काच!" जसा काही राजाच येतोय! पुढे मी दुकान घेतलं, वर मजला चढवला, दुकानाला शोभेल असं पोट आलं. त्याने मात्र स्टूल बदललं नाही. म्हणायचा, शेटजी, तुम्ही लोकांना आत काय आहे ते दाखवता, मी आत जायची सोय करतो, आपला धंदा एकच.

आणि तो गेला कुणामुळे? गॉगलमुळे.

गॉगल म्हणजे भुयारी रेल्वेच्या कंपनीतला इंजिनिअर. ढगाळ दिवसातही काळा चष्मा, म्हणून हे नाव चावीवाल्यानेच ठेवलेलं. त्याचं काम एकच. खालून बोगदा खणणारं यंत्र जातं — आम्ही त्याला घूस म्हणतो — त्याच्या वरच्या इमारतींना तडे गेले तर त्यावर लक्ष ठेवायचं. पद्धत साधी आणि जुनी. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवायची. तडा जरा हलला की पट्टी फुटते. पट्टी फुटली की घूस बंद आणि इमारत रिकामी. या पट्ट्या माझ्याच दुकानातून जायच्या. मशीनवर कापलेल्या, कडा घासलेल्या.

गेल्या महिन्यात माझ्या मांडणीवरच्या काचा गुणगुणायला लागल्या. दुकानातल्या माणसांना ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. गॉगलला बोलावून चहा पाजला, सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका, तुमचे कान फार तिखट आहेत. पण पट्ट्या शाबूत आहेत ना? मग जमीन शाबूत."

पट्ट्या शाबूत आहेत! ठीक आहे, बाळा. बघू.

१९ फेब्रुवारी

दुर्बीण आणली. माझ्या वरच्या मजल्यावरून वहिनीचा उघडा जिना समोरच दिसतो. भगदाडाने भिंत दुसरीकडून फाडली, जिन्यातला जुना तडा होता तसाच आहे. त्यावर पट्टीही आहे. अख्खी!

आता हे बघा (कुणाला सांगतोय मी? असो). पट्टी लावली तेव्हा तडा केसाएवढा होता, मी स्वतः पाहिलाय. आज त्यात बोट जाईल. मधली काच मात्र अख्खी. असं कसं होईल? जुनी फुटली आणि कुणीतरी गुपचूप नवी लावली, तरच. शिवाय ही पट्टी माझ्या दुकानाची नाही. हाताने कापलेली आहे. एका टोकाला दात राहिलाय. कापायची हिरकणी काचेच्या कडेपासून न फिरवता जरा आतून सुरू केली की मोडताना टोकाला असा दात राहतो. नवशिक्याचं काम.

गॉगल माझ्याकडे पट्टी मागायला आला असता तर मी विचारलं असतं, का रे, कोणती फुटली? म्हणून बाहेरून कुठूनतरी काच आणून स्वतःच कापली पठ्ठ्याने. काम थांबू नये म्हणून. वरच्यांची शाबासकी मिळावी म्हणून.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. आरसे विकून पोट भरणाऱ्याला ही म्हण कधी आवडली नाही. आज आवडली.

२२ फेब्रुवारी

दवाखान्यात वहिनीला सांगितलं की चोर सापडला. वाटलं होतं, उठून बसेल. ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्या पोराच्या मागे नका लागू, भाऊजी, त्यालाही आई असेल. मी म्हटलं चावीवाल्यालाही बायको आहे.

वहिनीचं हे असंच. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. शेजारच्या पोराने मला मारलं तर त्यालाच आधी पाणी द्यायची. दादा गेल्यापासून तर जास्तच मऊ झालीय. मऊ माणसांच्या वाटचं कडक आपणच व्हायचं असतं.

२७ फेब्रुवारी

गॉगल दुकानात आला. चष्म्याशिवाय. डोळे सुजलेले. वाटलं, माफी मागतो की काय. मागितली नाही. नव्या घराच्या खिडक्यांच्या काचांची ऑर्डर त्याने आधीच देऊन ठेवली होती, त्याबद्दल विचारत होता. हळूच म्हणाला, राहू दे म्हटलं तरी चालेल, काका.

मी म्हटलं छे छे, असं कसं, घर म्हणजे घर! बसवलं, चहा दिला, वर खांद्यावर हात ठेवला. बायको आतून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, तुम्ही एवढं गोड बोललात की मला भीती वाटते.

प्रत्येक काच दोन सूत कमी कापली. माझ्या हाताने, माणसांना हात लावू दिला नाही. बसेल, पण चौकटीत हलेल. वारा सुटला की खुळखुळेल. आयुष्यभर ऐकत बसेल आणि कुठून आवाज येतो ते कळणार नाही. तुरुंगात गेला तर घरचे ऐकतील.

हे लिहून जरा बरं वाटलं. चावीवाला असता तर पोट धरून हसला असता. मग म्हणाला असता, शेटजी, एवढुशा सूडाने काय होतंय?

बरोबर आहे. ही नुसती चुणूक.

४ मार्च

आज मजा झाली. मजा म्हणू नये, पण झाली.

कानावर आलं की उरलेला जिना कंपनी आज पाडणार. धोकादायक बांधकाम म्हणे! जिना पडला की भिंत गेली, भिंत गेली की पट्टी गेली. पाडायचं यंत्र मागच्या अरुंद गल्लीतूनच येऊ शकतं. मी सकाळीच माझा टेम्पो काचांनी गच्च भरून त्या गल्लीच्या तोंडाशी नेऊन लावला. चाकातली हवा सोडली. ड्रायव्हरला सांगितलं, जा, जेवून ये निवांत.

यंत्रवाला हॉर्न देऊन दमला. मी हात जोडले. दादा, पंक्चर आहे, ढकलायला गेलात तर एकेक काच माणसाच्या उंचीची आहे, ज्याच्या अंगावर पडेल त्याला शिवायला टाके पुरणार नाहीत. लोखंडाला न भिणारा माणूस काचेला भितो, हे मला हमालीत कळलेलं. तो खाली उतरून विडी ओढत बसला.

तेवढ्या वेळात मी बोलावलेली वार्ताहर बाई माझ्या खिडकीतून फोटो काढून मोकळी. संध्याकाळच्या आत तो सांजदैनिकात छापून आला, आणि सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे लोक धावत आले. पट्टी भिंतीच्या तुकड्यासकट काढून सील केली. समितीवर एक निवृत्त न्यायाधीश आहेत. मला म्हणाले, साक्षीला तुम्हालाच बोलावू.

टायरमध्ये हवा भरून घरी आलो. जेवण गोड लागलं.

१५ मार्च

वहिनी घरी आली. कुबडी आहे. जिना चढवत नाही म्हणून दुकानामागच्या खोलीत सोय केली. बायको म्हणते, दिवसभर काहीतरी काम मागतात, बसवत नाही त्यांना. मी म्हटलं गिऱ्हाइकांशी गप्पा मार म्हणावं.

कुणी गॉगलचं नाव काढलं की उठून आत जाते.

२३ मार्च

काय लिहू.

काच कापणारा कटिंगवाला आज आला नव्हता. एका बाईला फोटोच्या चौकटीसाठी काच हवी होती. मी आत फोनवर. बाहेरून हिरकणीचा आवाज आला.

काच कापायचा आवाज ज्याचा त्याचा असतो. शिकाऊ माणूस मधे थांबतो, किर्र — किर्र. भित्रा दाबतो, दाणेदार ऐकू येतं. हा आवाज एका श्वासातला होता. रेशमासारखा. मग टेबलाच्या कडेवर टक्. मोडली. क्षणभर वाटलं, दादाच आला काच कापायला!

बाहेर जाऊन बघतो तर वहिनी. एका हाताने कुबडीचा टेकू, दुसऱ्या हातात हिरकणी. गिऱ्हाईक बाई कौतुकाने बघतेय. मी उरलेला तुकडा उचलला. सरळ, स्वच्छ कट. आणि टोकाला दात.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. बाईला काच गुंडाळून दिली, पुन्हा या म्हटलं.

मग शटर अर्धं ओढलं.

२४ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही.

मी विचारलं, कधीपासून येतं तुला?

म्हणाली, तुमच्या दादांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून त्यांच्या घरी आतल्या खोलीत ती कापायची, दादा बाहेर नेऊन द्यायचा. हिरकणी कडेपासून ओढ हे तिला सांगायचं दादाच्या लक्षातच आलं नाही. नुसतं बघून शिकलेली. दात नंतर दादा घासून टाकायचा. शेवटच्या वर्षांत दादाच्या काचा इतक्या सरळ कशा येतात याचं मी नवल करायचो आणि चारचौघांत सांगायचो — माझ्या भावाच्या हातात देव आहे!

"आणि जिन्यातली?"

"तुमच्या दादांच्या फोटोची काच काढली, त्यातून कापली."

मी खुर्चीवर बसलो.

तिला कोपऱ्यावरच्या चाळीचं आठवत होतं. तिथली पट्टी फुटली, तात्पुरतं म्हणून सगळ्यांना गावाबाहेरच्या खोल्यांत नेलं, अजून तिथेच आहेत. तिच्या मैत्रिणीने तिथेच जीव सोडला, दाराला कुलूप कोणतं लावलंय ते विचारत. एका सकाळी वहिनीने जिन्यात पाहिलं, पट्टी दोन तुकडे. म्हणाली, "माझं घर जाईल एवढंच दिसलं, भाऊजी. खाली रस्ता आहे, रस्त्यावर माणूस आहे, हे नाही दिसलं."

मी विचारलं, गॉगलला माहीत होतं?

मग सगळं बाहेर आलं. प्लास्टर ओलं असतानाच तो वर आला. हिचे हात पांढरे. हिने गयावया केली. त्याने टोपी काढली, पायरीवर बसला, पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, मावशी, मी आज आलोच नाही असं समजा, आठवड्याने येतो, तोवर सामानाची आवराआवर करून ठेवा, मग मला लिहावंच लागेल.

आठवडा भरायच्या आत रस्ता गेला.

२६ मार्च

झोप नाही. राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. वहिनीवर धरता येत नाही. हात पुढे नेला की तिने भरवलेला घास आठवतो.

मग राहिला तोच! पाहिलं ना त्याने? पाहिलं. लिहिलं का? नाही. पगार कशाचा घेत होता? म्हाताऱ्या बाईला कळत नव्हतं, याला कळत होतं. दया करायची तर स्वतःच्या खिशातून करावी, चावीवाल्याच्या जिवातून का?

म्हणजे मी चुकलो कुठे? काच कुणी कापली एवढंच ना! ते माझ्यापाशी राहील. वहिनीला बजावलं, तू बोलायचं नाही. माझी शपथ आहे. ती म्हणाली, शपथा तुम्ही लहानपणापासून फार घालता.

२ एप्रिल

साक्ष दिली.

चांगले कपडे घातले होते. दाढी करून घेतली. सभागृह भरलेलं. चावीवाल्याची बायको पहिल्या रांगेत. गॉगल समोर, हात मांडीखाली घालून, शाळेतल्या पोरासारखा.

न्यायाधीशांनी सीलबंद पट्टी समोर ठेवली. हे कुणाचं काम असेल? मी घसा साफ केला. म्हणालो, साहेब, जन्म काचेत गेला. हे कारागिराचं काम नाही. टोकाला दात आहे. अडाणी हाताचं काम आहे. पट्ट्या लावायचा आणि तपासायचा अधिकार एकाच माणसाला होता.

एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यावं लागत नाही.

मग त्यांनी गॉगलला विचारलं, ही पट्टी कुणी बदलली? मला वाटलं, आता म्हातारीचं नाव येतंय. पुढचं खोटं जिभेवर तयार ठेवलं होतं.

तो म्हणाला, "मी."

कशाला? म्हणाला, काम थांबू नये म्हणून. माझंच वाक्य! मी पेपरवाल्या बाईला दिलेलं, जसंच्या तसं. एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

पोलिसांनी त्याला नेलं. चावीवाल्याच्या बायकोने माझा हात धरला, म्हणाली, तुमच्यामुळे न्याय झाला. हात सोडवून घेता येईना.

घरी आलो. वहिनी दारातच. काय सांगितलंत? सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

"अडाणी हात म्हणालात?"

मी म्हटलं तुला वाचवायला.

"मला?" म्हणाली आणि कुबडी टेकत आत गेली. जेवली नाही.

६ एप्रिल

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळालं. कैदेत आहे तो. मग आज पेढीवर बसून गिऱ्हाइकाला तीनदा चुकीचं माप का सांगितलं?

कंपनीचं निवेदन छापून आलंय. एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक. यंत्रणेत दोष नाही. काम पुन्हा सुरू. खाली कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोटो, हसरा. त्या साहेबाने मला आभाराचं बोलावणं पाठवलं, तुमच्या साक्षीने सत्य समोर आलं म्हणून! मी त्याच्या वाटेतला काटा काढला आणि वाटलं माझा काढतोय. हयातभर दुसऱ्याला काचा हातोहात विकणारा मी — मलाच कुणीतरी विकत घेतलं, तेसुद्धा फुकटात.

दुपारपासून मांडणीवरच्या काचा गुणगुणतायत. बायकोला म्हटलं ऐक. तिला ऐकू येत नाही. वहिनी आतून म्हणाली, येतंय मला.

वकिलाकडे जाऊन आलो. आडून विचारलं, साक्ष बदलली तर काय होतं? तो हसून म्हणाला, कोण बदलतंय? मी म्हटलं एक ओळखीचा आहे. म्हणाला, ओळखीच्याला सांगा, तोंड शिवून बस.

बसलोय.

८ एप्रिल

वहिनी सकाळी कुणाला न सांगता बाहेर पडली. दुपारी समितीचा शिपाई आला. त्याच्याकडून कळलं, वहिनीने न्यायाधीशांसमोर सगळं सांगितलं — काच तिची, कट तिचा, पोराने फक्त दया केली. आणि माझ्या दिराला हे साक्षीच्या आधीपासून ठाऊक होतं, हेही. माझ्या नावाचं बोलावणं शिपायाने हातात दिलं. मी सही केली.

जाता जाता म्हणाला, बाईंचा एक निरोप आहे. तिथला जिना त्यांना उतरवत नाही. भाऊजींना म्हणावं, न्यायला या.

निघालो.